निकाल लागला, पण पैसे कुठे आहेत?

प्रश्न : मी 2017 मध्ये ओळखीतल्या एकांना धंद्यासाठी दीड लाख रुपये दिले होते, थोडं व्याज त्यांनी चेकने दिलं आणि मग टाळाटाळच. 2019 ला दावा टाकला, 2021 ला तालुक्याच्या कोर्टाने व्याजासकट पैसे द्या असा निकाल दिला. तरी एक रुपया आलेला नाही, विचारलं की म्हणतात अपील करतोय. पोलीस म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे. कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून केस करता येईल का? - एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, पोलिसांनी सांगितलं ते बरोबर आहे, आणि पैशाच्या डिक्रीत (म्हणजे निकालावरून निघालेल्या कोर्टाच्या हुकमात) कोर्टाच्या अवमानाच्या मागे लागून वेळ घालवू नका. आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की निकाल लागला म्हणजे आता कोर्टच वसूल करून देईल, पण तसं होत नाही, त्यासाठी तुम्हाला त्याच कोर्टात वेगळी दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, टाकावी लागते. मुदत 12 वर्षांची आहे त्यामुळे घाबरू नका, फक्त निकालाला दोन वर्षं उलटलीत म्हणून कोर्ट आधी समोरच्याला नोटीस काढेल. निकालाची आणि डिक्रीची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा.

अपिलाचं म्हणाल तर जिल्हा कोर्टात त्याची मुदत 30 दिवस होती. आता करायचं तर उशीर माफीचा अर्ज द्यावा लागेल, आणि अपील दाखल झालं तरी स्टे (स्थगिती) मिळाल्याशिवाय वसुली थांबत नाही हे पक्कं लक्षात ठेवा.

आता खरी मेहनत. काय जप्त करायचं ते तुम्हालाच सांगावं लागतं. नुसता घरचा पत्ता देऊन बेलीफ (कोर्टाचा जप्तीचा कर्मचारी) पाठवला की वॉरंट परत येतं, त्यावर लिहिलेलं असतं ‘सदर इसम घरी मिळून आला नाही’, आणि पुढची तारीख. असे शेरे मी इतके वाचलेत की अजूनही चीड येते, कारण तेवढ्यासाठी बाई माणूस एसटीने शंभर किलोमीटर आलेली असते. म्हणून व्याजाचे ते जुने चेक बँकेत टाकण्याआधी झेरॉक्स काढली होती का बघा, त्यावर बँक, शाखा, खाते नंबर सगळं असतं, खातं जप्त करायला तेच कामाला येतं. जमीन असेल तर सातबारा काढा. नोकरी असेल तर पगारातून कापून घेता येतं, पण पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग जप्त होत नाही. काहीच सापडत नसेल तर मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावा असा अर्ज करा, हा अर्ज फार कमी लोक करतात. मालमत्ता पुण्यात वगैरे निघाली तर डिक्री तिकडच्या कोर्टाकडे पाठवून घ्यावी लागेल.

जेलमध्ये टाकता येतं, पण ऐपत असून देत नाही हे दाखवावं लागतं, आणि त्याच्या जेवणाचा भत्ता तुम्हालाच भरावा लागतो. आत जाऊन आला तरी कर्ज माफ होत नाही मात्र.

सुप्रीम कोर्टाने 2021 मध्येच सांगितलंय की दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, नाही झालं तर कारण लेखी नोंदवा. तारखा पडत राहिल्या तर वकिलांना हे कोर्टापुढे मांडायला सांगा, आणि सीएनआर नंबर (तुमच्या केसचा ओळख क्रमांक) घेऊन ई-कोर्ट्स ॲपवर स्वतः तारीख बघत जा.