रिंगणापर्यंत पोचलेला सिंह : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात प्राचीन रोममधल्या रंगमंडलांवर, म्हणजे रिंगणाभोवती प्रेक्षक बसत अशा खेळांच्या वास्तूंवर, लेख होता. तिथे हजारो हिंस्र जनावरे मारली जात, एवढा ओझरता उल्लेख त्यात होता. ती पकडत कशी आणि आणत कशी, हे राहून गेले होते. किनारपट्टीवरून आलेल्या पत्रांचा रोख नेमका तिकडेच आहे.

आमच्या भागात पूर्वी रानडुकरासाठी वाघर लावत. सिंह जाळ्यात सापडला तरी तो जिवंत आणि धडधाकट कसा राहत असे?
— एक वाचक, गुहागर

जाळ्याची रीत तुम्हाला ओळखीचीच वाटेल. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचे, ओपियनच्या नावावरचे एक ग्रीक शिकारकाव्य आहे. त्यात युफ्रेटिस नदीकाठची पद्धत दिली आहे. जाळी चंद्रकोरीसारखी वळवून लावायची. तिघे दबा धरून बसतात, एक मध्ये आणि दोघे दोन टोकांना, एकमेकांची हाक ऐकू येईल अशा बेताने. बाकीचे हाकारे डाव्या हातात ढाल आणि उजव्या हातात पेटती मशाल घेऊन, ढाली बडवत पुढे सरकतात. आवाजाला आणि आगीला बुजून सिंह कोरीच्या पोटात शिरतो. अल्जेरियातल्या अन्नाबा इथल्या मोझेइकमध्येही (रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रात) ढालींची फळी, मशाली आणि जाळे असाच देखावा आहे.

तुमची शंका मात्र रास्त आहे. जाळ्यात गुरफटलेले जनावर सुटायला धडपडते. त्यात सुळा मोडला किंवा पाय निखळला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. शिवाय जाळ्यातून पिंजऱ्यात भरताना माणसांना अगदी जवळ जावे लागते.

म्हणून त्याच काव्यातली आफ्रिकेतली खड्ड्याची रीत आम्हाला जास्त शहाणपणाची वाटते. रुंद, खोल, गोल खड्डा खणायचा. मधोमध उंच खांब उभा करून त्यावर आईपासून तोडलेले दूधपिते कोकरू बांधायचे. खड्ड्याभोवती दगडांचा गडगा घालायचा, म्हणजे पलीकडे खड्डा आहे हे सिंहाला दिसत नाही. कोकराच्या ओरडण्याच्या दिशेने तो गडग्यावरून झेप घेतो आणि आत पडतो. मग वरून दोरांनी पिंजरा सोडायचा, आत भाजलेले मांस ठेवून. सिंह आपल्या पायांनी आत जातो, कोणी त्याला हात लावत नाही. गडगा ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तो नसेल तर सिंह काठाशी थबकतो आणि माघारी फिरतो.

बिबट्यांसाठी पाणवठ्यात जुनी गोड दारू ओतून ते झिंगल्यावर पकडण्याची युक्तीही तिथेच सांगितली आहे. वाघाची पिल्ले चोरताना वेगवान घोडा लागे, आणि वाघीण मागे लागली की एकेक पिल्लू वाटेत टाकायचे, असे रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो. उत्तरेत अस्वले पकडायचे काम सैनिकांकडेही असे. एका शतपतीने सहा महिन्यांत ५० अस्वले पकडल्याचा शिलालेख जर्मनीत कोलोन इथे मिळाला आहे.

पकडलेले जनावर समुद्रमार्गे नेताना काय खायला घालत? वाटेत किती मरत असतील?
— एक मच्छीमार वाचक, वेंगुर्ले

पिंजरे बहुधा फळ्यांच्या बंद पेट्याच, वर सरकवून उघडायच्या झडपेच्या. अंधार असला की मांजरकुळातले जनावर कमी बिथरते, त्यामुळे हे सोयीचेच होते. सिसिलीतल्या पियात्सा आर्मेरिना इथल्या चौथ्या शतकातल्या वाड्यात एका लांबलचक दालनाची सगळी फरशी या कामाच्या चित्रांनी भरली आहे. बैलगाडीवर पेटी, जाळ्यात बांधून काठीला लटकवलेला रानडुक्कर, फळीवरून गलबतात चढवलेले शहामृग, सगळे त्यात आहे.

वाऱ्याने साथ दिली तर उत्तर आफ्रिकेहून रोमचे ओस्तिया बंदर दोन दिवसांत गाठता येई. पण साथ मिळेलच असे नाही. ११ नोव्हेंबर ते १० मार्च भूमध्य समुद्र बंद मानत, जसे आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात. खात्रीचे दिवस २७ मे ते १४ सप्टेंबर. म्हणून थंडीत किंवा वसंताच्या सुरुवातीला खेळ ठरला तर जनावरे आदल्या हंगामातच आणून ठेवावी लागत आणि महिनोन्‌महिने पोसावी लागत. अंदाज चुकला की पंचाईत. थोरल्या प्लिनीचा भाचा धाकटा प्लिनी, त्याच्या एका मित्राने वेरोनात मृत पत्नीच्या स्मरणार्थ खेळ ठेवला होता. पैसे मोजून घेतलेले आफ्रिकी बिबटे वादळी हवेमुळे त्या दिवशी पोचलेच नाहीत.

खाण्याचा हिशेब आजच्या प्राणिसंग्रहालयांवरून मांडता येतो. मोठ्या सिंहाला दिवसाला सरासरी ५ ते ७ किलो मांस लागते. वीस सिंह म्हणजे रोज १०० ते १४० किलो. उन्हाळ्यात गलबतावर एवढे मांस टिकत नाही, म्हणून शेळ्या-मेंढ्या जिवंतच न्यायला हव्यात, त्यांचा चारा वेगळा, आणि सगळ्यांचे गोडे पाणी वेगळे.

त्यात घाबरलेले जनावर खायलाच तोंड लावत नाही, आणि खरा घात तिथेच होतो. रोमचा उमराव सिम्माकस याने मुलाच्या नावाने भरवायच्या खेळांसाठी मगरी मागवल्या होत्या. त्यांनी ५० दिवस अन्नाला तोंड लावले नाही. दुसऱ्या एका खेपेला त्याच्याकडे अस्वलांची थोडीशी पिल्ले पोचली, तीही उपासमारीने खंगलेली. वाटेत किती मेली याचे सरसकट प्रमाण कुणी लिहून ठेवलेले नाही. पण ज्याच्याजवळ पैसा आणि ओळखी दोन्ही होत्या त्याची ही गत, तर इतरांची कल्पना करावी. रिंगणातल्या मरणापेक्षा हे वाटेतले मरण आम्हाला जास्त क्रूर वाटते, कारण ते कोणी पाहिलेही नाही.

माणसांनाही धोका होताच. कवी क्लॉडियन सांगतो की खलाशी आपल्याच मालाला घाबरत. पासितेलेस नावाचा शिल्पकार रोमच्या गोदीत पिंजऱ्यातल्या सिंहाकडे बघून त्याची आकृती कोरत होता, तेवढ्यात दुसऱ्या पिंजऱ्यातून बिबट्या बाहेर पडला. शिल्पकार थोडक्यात बचावला. खुष्कीच्या मार्गावर भुर्दंड गावांना पडे. सीरियातल्या हिएरापोलिस इथे सरकारी जनावरे घेऊन येणारे तीन-चार महिने तळ ठोकून राहत आणि वर पिंजरेही मागत. तक्रार झाली, तेव्हा इ. स. ४१७ मध्ये हुकूम निघाला की कोणत्याही शहरात सात दिवसांपेक्षा जास्त थांबू नये.

चौल हे तेव्हाचे मोठे बंदर. सह्याद्रीतले वाघ इथून रोमला गेले असतील का?
— एक वाचिका, रेवदंडा

चौलचा उल्लेख पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी माहितीपुस्तकात 'सेमुल्ला' म्हणून येतो, कल्याणचा 'कल्लिएना' म्हणून. दख्खनच्या डोंगरांत बिबटे, वाघ, हत्ती, प्रचंड साप आणि तरस आहेत, असेही त्यात आहे. म्हणजे आपली जनावरे त्यांना माहीत होती. पण आपल्या बंदरांतून निघणाऱ्या मालात जिवंत वाघ त्यात सांगितलेला नाही.

मार्ग पाहिला की कारण कळते. ईशान्य वाऱ्यावर परतायचे तर डिसेंबरात, फार तर १३ जानेवारीपर्यंत भारताचा किनारा सोडावा लागे. मग तांबड्या समुद्रावरचे बेरेनिके बंदर. तिथून नाईलकाठच्या कोप्तोसपर्यंत उंटांवरून १२ दिवसांचे वाळवंट, तेही बहुतेक रात्री चालून. पुढे नाईलने अलेक्झांड्रिया, आणि मग भूमध्य समुद्र. मिरी हा सगळा प्रवास बिनतक्रार करते. वाघाला रोज मांस आणि पाणी हवे. त्यात साम्राज्याच्या सीमेवर पंचवीस टक्के जकात. कास्पियन समुद्राकाठच्या हिर्केनियातला वाघ त्यामानाने जवळचा, आणि रोमन कवींच्या तोंडी सतत तोच वाघ असतो.

भारतीय वाघ गेल्याची पक्की नोंद आहे ती राजाच्या नजराण्याची. इ. स. पू. २० च्या सुमारास सामोस बेटावर भारतीय वकील रोमन सम्राट ऑगस्टसला भेटले, तेव्हा त्यांनी वाघ दिले. रोमनांनी पाहिलेले हे पहिले वाघ, असे इतिहासकार दिओ म्हणतो. ते कोणत्या बंदरातून निघाले हे त्याने लिहिलेले नाही, त्यामुळे चौलचे नाव तिथे जोडू नये.

कोलोसियममध्ये जनावर जमिनीतून वर येत असे म्हणतात. कसे?
— एक विद्यार्थी, देवरुख

लाकडी पाळण्याने. रोममधल्या या मोठ्या रंगमंडलात रिंगणाच्या वाळूखाली फळ्यांची जमीन, त्याखाली तळघर. बहुधा सम्राट डोमिशियनच्या काळात बांधलेले. खाली उभ्या खांबाला आडवे दांडे लावलेला रहाट असे. माणसे तो ढकलत फिरत, दोर गुंडाळला जाई आणि पेटी वर येई. २०१५ मध्ये अशा एका पाळण्याची प्रतिकृती तिथे उभारली. तिला आठ माणसे लागतात आणि ती सुमारे ३०० किलो उचलते, म्हणजे एक सिंह पेटीसकट. वर पोचल्यावर झडप उघडे. अंधारातून एकदम उन्हात आणि गलक्यात आलेले जनावर पुष्कळदा बाहेर पडायलाच तयार नसे.

९,००० आणि ११,००० जनावरे मारल्याचे आकडे खरे मानावेत का? आणि सिंह नाहीसे झाले ते यामुळेच का?
— एक शिक्षक, राजापूर

हे आकडे मुख्यतः दिओचे. सम्राट टायटसने इ. स. ८० मध्ये कोलोसियम खुले केले तेव्हा ९,०००, आणि सम्राट ट्रेजनच्या १२३ दिवसांच्या उत्सवात ११,०००. दोन्ही ठिकाणी तो 'रानटी आणि पाळीव' असे स्पष्ट म्हणतो, आणि हाच शब्द लोक गाळतात. ट्रेजनचा आकडा दिवसाला नव्वदच्या आतच येतो. सगळ्यात भरवशाची नोंद ऑगस्टसची स्वतःची : आफ्रिकी जनावरांचे २६ खेळ, सुमारे ३,५०० बळी, म्हणजे खेळामागे साधारण १३५. रोमन सेनापती पॉम्पेने इ. स. पू. ५५ मध्ये ६०० सिंह आणले, त्यांतले ३१५ आयाळीचे, हे थोरला प्लिनी सांगतो. त्याच खेळात मारल्या जाणाऱ्या हत्तींचा आक्रोश ऐकून प्रेक्षकांना रडू कोसळले आणि त्यांनी पॉम्पेलाच शाप दिले. खेळाला हजर असलेल्या सिसेरो या वक्त्यानेही तेव्हाच्या पत्रात लिहिले की या जनावराचे माणसाशी काही नाते आहे, असे लोकांना वाटले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रदेशागणिक वेगळे. चौथ्या शतकात रोमन इतिहासकार अम्मिआनुस लिहितो की इजिप्तमध्ये पाणघोडे आता कुठेच सापडत नाहीत. उत्तर आफ्रिकेतले हत्तीही रोमन काळातच संपले, त्यात हस्तिदंताच्या मागणीचा वाटा मोठा. सिंह मात्र टिकले. सम्राटाच्या खेळांसाठी ते राखीव असत. गुरे आणि माणसे मारणारा सिंह कोणीही मारावा, ही मुभा इ. स. ४१४ मध्ये मिळाली, पण पकडून विकायची नाही. रोममधला जनावरांचा खेळ इ. स. ५२३ पर्यंत चालू असल्याची नोंद आहे. त्यानंतरही अ‍ॅटलास पर्वतात सिंह होते, विसाव्या शतकापर्यंत. त्यांना संपवले ते बंदुकीने आणि तुटलेल्या रानाने.