पडदा आणि पिंजरा : वाचकांची पत्रं

श्रावणाच्या अंकात मी ‘स्लीपर्स’ या १९९६ सालच्या इंग्रजी सिनेमाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि टपाल वाढलं. शहापूरच्या एका आजोबांनी विचारलंय, बेंगळूरला जाणाऱ्या स्लीपर बसचा सिनेमा आहे का. नाही हो आजोबा. न्यूयॉर्कच्या हेल्स किचन वस्तीत लहानपणी सुधारगृहात राहून आलेल्या पोरांना ‘स्लीपर’ म्हणतात, असं हा सिनेमा सांगतो.

तो अंक ज्यांच्या घरी रद्दीत गेला त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. १९६७ चा उन्हाळा, चार मित्र: लोरेन्झो, मायकल, जॉन आणि टॉमी. फुकट खायला मिळावं म्हणून हॉटडॉगवाल्याला हुलकावणी देतात, त्याचा गाडा पळवून भुयारी रेल्वेच्या जिन्यावर नेतात. गाडा हातून सुटतो आणि खालून येणारा एक माणूस त्याखाली सापडतो. पोरांची रवानगी सुधारगृहात. तिथं नोक्स नावाचा पहारेकरी आणि त्याचे साथीदार या पोरांचं जे करतात, ते दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन फार थोडं दाखवतो, आणि तेवढ्यानंही घास घशाखाली उतरत नाही. पोरं मोठी होतात. एके दिवशी जॉन आणि टॉमीला नोक्स जेवताना दिसतो आणि ते तिथल्या तिथं त्याला गोळ्या घालतात. मायकल तोवर सरकारी वकील झालेला. तो हा खटला मागून घेतो, कशासाठी, तर हरण्यासाठी. आणि वस्तीतला पाद्री, फादर बॉबी, दोघांना सोडवायला कोर्टात खोटी साक्ष देतो.

ताई, ही खरी घडलेली गोष्ट आहे का? (एक वाचक, निपाणी)

ज्याच्या पुस्तकावर सिनेमा बेतलाय तो लेखक, लोरेन्झो कारकाटेरा, खरी म्हणतो. पुस्तक १९९५ मध्ये आलं तेव्हापासून वाद आहे. असा खटला आमच्याकडे झालाच नाही, असं तिथल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाचं म्हणणं. लेखक म्हणतो, नावं-गावं बदलली आहेत. कोर्टात नोकरी करून मला एक सवय लागली आहे: कागद नसेल तर ‘सिद्ध नाही’ म्हणायचं, ‘खोटं’ म्हणायचं नाही. तुम्हीही तसंच धरा.

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपल्याकडे मायकलसारखं कुणी करू शकेल का? आणि फादर बॉबीला शिक्षा झाली असती का? (एक विद्यार्थिनी, टिळकवाडी)

पोरी, प्रश्न झकास. मी ३१ वर्षं बेंच क्लार्क होते. साक्षीदार पिंजऱ्यात आला की शपथ देणं माझं काम. कन्नडमध्ये: ‘देवर साक्षियागी सत्यवन्ने हेळुत्तेने’, म्हणजे देवाच्या साक्षीनं खरं तेच सांगेन. येळ्ळूरचा म्हातारा असला तर मराठीत. हजारोंना दिली असेल. त्यातले किती खरं बोलले ते देवालाच ठाऊक, त्याच्याच साक्षीनं बोलत होते ना!

पहिली गोष्ट ज्यूरीची. सिनेमातला सगळा डाव बारा सामान्य माणसांना पटवण्याचा आहे. आपल्याकडे ज्यूरी गेली. १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्यूरीनं आठ विरुद्ध एक असं निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि निकाल फिरला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीला जागाच उरली नाही. त्यामुळे आपल्या मायकलला बारा जणांना नव्हे, समोर बसलेल्या एकाच माणसाला फसवावं लागेल, आणि तो माणूस दिवसाला पंधरा-वीस साक्षी ऐकतो. शिवाय आपल्या न्यायाधीशाला साक्षीदाराला वाटेल तो प्रश्न स्वतः विचारण्याचा अधिकार आहे. फादर बॉबी तीन तिकिटांची अर्धुकं दाखवून सांगतो, त्या रात्री ही दोघं पोरं माझ्याबरोबर बास्केटबॉलची मॅच बघत होती. आमचे एक साहेब होते, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं: फादर, कोण जिंकलं? येताना पाऊस होता? पोरांनी काय खाल्लं? खोट्या साक्षीदाराला मोठ्या प्रश्नांची उत्तरं पाठ असतात. तो अडकतो खाण्यापिण्यात.

सरकारी वकिलाचं म्हणशील, तर आरोपी आपले बालमित्र आहेत हे लपवून खटला चालवणं हा व्यवसायाचाच भंग. उघडकीला आलं तर सनद जायची. पण मुद्दाम ढिला खटला चालवणं सिद्ध करणं फार अवघड, हेही लिहून ठेव. ढिले खटले मी पुष्कळ पाहिले. मुद्दाम कुठले आणि आळसानं कुठले, हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

फादरचा गुन्हा म्हणजे न्यायालयात खोटी साक्ष. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १९३, आता भारतीय न्याय संहितेचं २२९, सात वर्षांपर्यंत शिक्षा. सहसा न्यायालयानं स्वतः तक्रार करावी लागते, म्हणून फितूर साक्षीदार बहुतेक करून जिना उतरून चहा प्यायला जातात.

तो प्रसंग सिनेमातला सगळ्यात चांगला आहे, हे कबूल करते. फादर बॉबी झालेला रॉबर्ट डी निरो बायबलवर हात ठेवतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी चालू असतं. घरी एकटी बघत असूनही मी सवयीनं सरळ बसले होते.

घरातल्या सगळ्यांनी मिळून बघण्यासारखं काही सुचवा की. नेहमी मारामारीच. (चिक्कोडीहून एक भगिनी)

या अंकात नाही जमायचं ताई, क्षमा. याच विषयावरचा दुसरा मात्र सांगते, पोरं झोपल्यावर बघा: ‘मिस्टिक रिव्हर’, २००३, दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूड. तीन मित्र खेळत असतात, पोलीस असल्याचा बहाणा करून दोन माणसं त्यांतल्या एकाला गाडीत घालून नेतात. तिघं मोठे झाल्यावर एकाच्या मुलीचा खून होतो आणि बाप सूड घेतो, तो भलत्याच माणसावर. ज्यानं लहानपणी सोसलं, त्याच मित्रावर. गंमत बघा, ‘स्लीपर्स’मधला नोक्स ज्यानं केला तो केविन बेकन इथं पोलीस झालाय. मला सुरुवातीला त्याच्यावर विश्वासच ठेवता येईना!

नाव छापू नका (खानापूर तालुका)

हे पत्र मी थोडं कापून, ओळखीच्या खुणा काढून देते आहे.

‘ताई, आम्ही तिघं एका गावचे मित्र. सहावी ते आठवी एका वसतिगृहात होतो. रात्री राखणीला जो माणूस असायचा त्याने आमच्याशी तसलं केलं. तिघांशी. आम्ही एकमेकांत पण कधी बोललो नाही. एक जण दारूत गेला, चाळिशी पण बघितली नाही. दुसरा गोव्यात हॉटेलात आहे. गणपतीला तो आला होता. पुतण्याने लॅपटॉपवर तुम्ही लिहिलेला सिनेमा लावला. भाषा अर्धी कळली, पण तसलं कळायला इंग्रजी लागत नाही. पोरं सुधारगृहात जातात तिथं तो बंद कर म्हणाला आणि परसात गेला. पहाटेच्या बसनं निघाला. जाताना एवढंच बोलला, तो माणूस जिवंत आहे, मी घर बघून आलोय, दिवाळीला येतो मग बघू. सिनेमातली पोरं सुटली. तसल्या माणसाला मारलं तर पाप काय? मला झोप नाही. बायकोला तसलं काही सांगता येत नाही.’

भाऊ, पत्र तीनदा वाचलं. आधी कामाचं सांगते.

आज संध्याकाळी मित्राला फोन करा. त्या माणसाचा विषय काढू नका. जेवलास का, झोप लागते का, एवढंच. दिवाळीची वाट बघू नका. तो ‘मग बघू’ म्हणाला, त्यात तुम्हीही आलात हे ध्यानात घ्या. दोघं मिळून गेलात तर कोयता कुणाच्या हातात होता हा प्रश्न मागे पडतो, दोघंही आरोपी. असे मित्र मी बघितलेत. पहिल्या तारखेला एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसतात, दोन वर्षांनी एकमेकांकडे बघत नाहीत. हिंडलग्याच्या तुरुंगाच्या फाटकाबाहेर डबा घेऊन उभं राहायला बायकाच असतात.

कायद्यानं काही होईल का? लहान मुलांसाठीचा पोक्सो कायदा २०१२ चा. त्याआधी घडलेल्याला तो लागू होत नाही. पण जुन्या दंड संहितेखाली गुन्हा होताच, आणि तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत संपत नाही. म्हणजे दार बंद नाही. पुरावा मात्र तुमच्या दोघांच्या तोंडचा, आणि उलटतपासणी कडक होईल. चांगल्या फौजदारी वकिलाकडे आधी एकदा नुसतं बसून या.

त्या म्हाताऱ्याच्या अंगणात आज पोरं खेळायला येतात का, तेवढं मात्र बघा. येत असतील आणि तसा संशय असेल तर सूड नंतर, आधी १०९८ वर, मुलांच्या हेल्पलाइनला फोन. असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं आता कायद्यानंच प्रत्येकावर बंधनकारक आहे.

झोपेचं. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठी सरकारचा फुकट नंबर आहे, टेलि-मानस. नाव सांगावं लागत नाही. आपल्याकडे ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की लोक दार लावून घेतात. लावू द्या.

आता सिनेमा. सगळ्यांना गोळ्या लक्षात राहतात आणि ‘नॉट गिल्टी’ लक्षात राहतं. त्यानंतरची पाच मिनिटं कुणाला आठवत नाहीत. सुटल्यावर सगळे एकत्र जमतात, पितात, गातात. आणि मग आपल्याला सांगितलं जातं की जॉन आणि टॉमी दोघंही तिशीच्या आत मेले. मायकलनं वकिली सोडली, इंग्लंडच्या खेड्यात सुतारकाम करत एकटा राहतो. तुमचा एक मित्र दारूत गेला म्हणता. नोक्स मेल्यानंतर जॉनही दारूतच गेला.

आणखी एक मला पुन्हा बघताना जाणवलं. एवढ्या मोठ्या खटल्यात या चौघांपैकी एकानंही, आमच्याबरोबर काय झालं ते पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं नाही. कारण ते सांगितलं तर खुनामागचं कारण उघड होईल आणि डाव फसेल. पिंजऱ्यात ते बोलतो कोण? फर्ग्युसन, दुसरा पहारेकरी! नोक्स कसा भला माणूस होता हे सांगायला त्याला बोलावतात, आणि तो रडत रडत सगळं ओकतो. म्हणजे ज्यानं केलं तो मोकळा झाला. ज्यांनी सोसलं ते खटला जिंकले आणि तोंड मिटून घरी गेले.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली एक साक्ष सांगते. पोरगा ११ वर्षांचा, मराठी. साहेब कन्नड. आरोपी दिसू नये म्हणून मधे हिरवा पडदा लावलेला, दार बंद, वकिलांनी प्रश्न साहेबांना द्यायचे, साहेबांनी पोराला विचारायचे, भाषा फिरवायला मी. पोरगा चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, ‘तसलं.’ तसलं म्हणजे? ‘तसलं.’ पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मी साहेबांकडे वळून म्हटलं, ‘अंथाद्दु अंताने’, ‘तसलं’ म्हणतोय. स्टेनो थांबली, हे टाइप कसं करू म्हणून. साहेब खाली उतरले, पोराशेजारच्या खुर्चीत बसले आणि मला म्हणाले, घाई नाही, त्याचा शब्द आहे तसाच मराठीत लिहा. मग त्याला पाणी दिलं. पाऊण तास गेला. पंखा किती जुना आहे, चपला कुठून घेतल्या, सगळं झालं. आणि मग हळूहळू त्या ‘तसलं’च्या आतलं एकेक बाहेर येऊ लागलं: कुठली खोली, कुठला हात, दिवा होता का. संपल्यावर त्यानं विचारलं, शाळेला आजची सुट्टी लागेल का.

तुमच्या पत्रात तो शब्द चार वेळा आला आहे. मी मोजला. पत्र दोन पानी, सुरेख अक्षर, बाकी सगळ्या गोष्टींची नावं तुम्हाला येतात.

दिवाळीला मित्र येणार. लॅपटॉप पुतण्याकडे असू दे, सिनेमा लावू नका. पहाटे उठून दोघं शेताकडे चाला. बांधावर बसा, मेलेल्या मित्राचं नाव आधी घ्या, तो लहानपणी कसा होता तिथून सुरू करा. त्या वेळी भातकापणीची गडबड असते ठाऊक आहे, पण एक दिवस मजूर तुमच्याशिवायही कापतील.