जिल्ह्याचा रकाना, पाच कोटी ओळी आणि अडलेली मुलाखत

प्रश्न: मी बी.एस्सी. कम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका कंपनीच्या मुलाखतीत विचारलं, ‘पाच कोटी ओळींच्या टेबलात जिल्ह्याचं नाव प्रत्येक ओळीत पूर्ण लिहिलंय. जागा कशी वाचवशील?’ मी म्हटलं, ‘व्हारकॅर २५५ चं व्हारकॅर ३० करीन.’ समोरचे हसले आणि विषय बदलला. बाबा म्हणतात, डेटाबेसमध्ये आता काही राहिलं नाही, एआयचा कोर्स लाव. फी दीड लाख आहे. काय करू?

उत्तर:

आधी त्या उत्तराचं बघू, कारण ते कॉलेजात सर्रास ऐकू येतं. व्हारकॅर म्हणजे कमी-जास्त लांबीच्या मजकुराचा रकाना. त्याच्या कंसातला आकडा ही कमाल मर्यादा असते, राखून ठेवलेली जागा नव्हे. ‘पुणे’ लिहिलं तर ‘पुणे’एवढीच जागा जाते, कंसात ३० असो वा २५५. मर्यादा कमी करून तुझी एक बाइटही वाचली नसती.

आता नावं देवनागरीत आहेत असं धरू. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘पुणे’ १२ बाइट, ‘सोलापूर’ २१, आणि ‘छत्रपती संभाजीनगर’ मधल्या स्पेससकट ४९. महाराष्ट्रात जिल्हे ३६. म्हणजे तीच ३६ नावं पाच कोटी वेळा लिहिलेली. जिल्ह्यांचं वेगळं टेबल करून मुख्य टेबलात फक्त क्रमांक ठेवला, तर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये स्मॉलइंट हा लहान पूर्णांकाचा प्रकार दोन बाइटांत बसतो, मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये टायनीइंट एका बाइटात. सरासरी नाव २२ बाइटांचं धर, ओळीमागे वीस वाचले, एकूण जवळपास एक जीबी.

एक जीबी! एवढी डिस्क आज कवडीमोलाने मिळते. मग हा प्रश्न विचारतातच कशाला? कारण टेबल लहान झालं की मेमरीत जास्त मावतं, बॅकअप लवकर होतो, पूर्ण टेबल चाळणारी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) डिस्कवरची कमी पानं वाचते. आणि माझ्या मते जागेपेक्षा मोठा फायदा वेगळाच आहे. औरंगाबाद जिल्ह्याचं छत्रपती संभाजीनगर झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर. वेगळं टेबल असेल तर एक ओळ बदलली की काम झालं. नाव प्रत्येक ओळीत असेल तर लाखो ओळींवर अपडेट चालवायचं; त्यात पोस्टग्रेस जुनी ओळ तशीच ठेवून नवी लिहितो, म्हणजे जागा वाचवायला निघालेल्या माणसाचं टेबल आणखी फुगतं. शिवाय ‘सोलापूर’, ‘सोलापुर’ आणि शेवटी स्पेस असलेला ‘सोलापूर ’ हे तीन वेगळे जिल्हे होऊन बसतात ते निराळंच.

एनम, म्हणजे आधीच ठरवून दिलेल्या नावांच्या यादीचा रकाना, हा दुसरा मार्ग. मायएसक्यूएलमध्ये तो एक-दोन बाइटांत भागतो, पोस्टग्रेसमध्ये चार लागतात, आणि तिथे यादीत एकदा घातलेली किंमत (म्हणजे नाव) सहज काढून टाकता येत नाही. यादी बदलणारी असेल तर मी त्या वाटेला जाणार नाही.

टेबल निव्वळ अहवालांसाठी असेल तर मात्र हे हाताने करायची गरजच नसते. पार्के ही रकान्यांनुसार डेटा साठवणारी फाइल वेगळ्या किमतींचा कोश स्वतःच बनवते आणि रकान्यात क्रमांक लिहिते. क्लिकहाउस या अहवालांसाठीच्या डेटाबेसमध्ये त्यासाठी ‘लो कार्डिनॅलिटी’ (मोजक्याच वेगळ्या किमती) हा प्रकार आहे. वेगळ्या किमती दहा हजारांच्या आत असल्या की तो चांगला चालतो, लाखावर गेल्या तर उलट तोटा होऊ शकतो. म्हणून मुलाखतीत पहिलं वाक्य उत्तराचं नसावं. ‘वेगळ्या किमती किती? टेबलावर लिहिणं जास्त की वाचणं?’ असं विचारलं असतंस तर कोणी विषय बदलला नसता.

आता बाबांचं म्हणणं. ते अगदीच चूक नाहीत. सर्व्हर बसवणं, पॅच मारणं, रात्रीचा बॅकअप बघणं ही डीबीएची (डेटाबेस सांभाळणाऱ्याची) बरीच कामं क्लाउड कंपन्यांनी उचलली, आणि त्या नावाने फ्रेशर घेणाऱ्या जागा आटल्या आहेत. पण काम डेटा इंजिनिअर, बॅकएंड डेव्हलपर या नावांखाली सरकलंय. अथेनासारख्या क्लाउडवरच्या क्वेरी-सेवेत तर क्वेरीने किती डेटा चाळला यावर बिल येतं. तिथे तुझ्या मुलाखतीतला हा प्रश्न दर महिन्याच्या खर्चाचा होतो. एआयवाल्यांनाही डेटा कुणीतरी नीट मांडून द्यावाच लागतो. दीड लाख भरायला मी सांगणार नाही, निदान आत्ता तरी नाही.

त्याऐवजी घरच्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाक. त्यातल्या जनरेट सिरीज या फंक्शनने पन्नास लाख ओळी बनव, जिल्हा टेक्स्टमध्ये. पीजी टोटल रिलेशन साइझ या फंक्शनने टेबलाचा आकार बघून लिहून ठेव. मग जिल्ह्यांचं टेबल बनव, क्रमांकाचा रकाना भर, जुना रकाना ड्रॉप कर आणि पुन्हा आकार बघ. तो कमी झालेला नसेल, वाढलेला असेल. घाबरू नकोस. ड्रॉप केलेला रकाना पोस्टग्रेस फक्त दिसेनासा करतो, डेटा जागेवरच राहतो. व्हॅक्यूम फुल ही टेबल नव्याने लिहून रिकामी जागा सोडवणारी आज्ञा चालव, मग फरक दिसेल. (ते चालू असताना टेबलाला पूर्ण कुलूप लागतं; चालू सिस्टीमवर भरदुपारी करू नये.) तरीही हिशेबाएवढी जागा वाचली नाही, तर रकान्यांचा क्रम तपास. दोन बाइटांच्या स्मॉलइंटला लागून आठ बाइटांचा बिगइंट आला की मध्ये सहा बाइट नुसतेच रिकामे जाऊ शकतात.

हे सगळे आकडे एका पानावर मांड, काय अपेक्षित होतं आणि काय निघालं ते लिही, आणि ते पान गिटहबवर टाकून बायोडेटात त्याची लिंक दे. सर्टिफिकेटच्या ओळीच्या वर. बाबांना म्हणावं, पुढच्या चार-पाच मुलाखती होऊ द्या. त्यात एआयचं काही वारंवार विचारलं गेलं, तर कोणता कोर्स आणि किती फीचा, हे तेव्हा मला पुन्हा लिहून विचार.