‘डॉक्टर नुसतं लक्ष ठेवू म्हणतात, म्हणजे हाताबाहेर गेलंय का?’

सोलापुरातल्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर असलेले, चाळिशीच्या आतले गृहस्थ पत्नीला घेऊन माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गाडीवरून पडले म्हणून सीटी स्कॅन केला. मार काहीच नव्हता, पण मेंदूत रक्तवाहिन्यांचा गुंता निघाला. पुढे एमआरआय, अँजिओग्राफी झाली. न्यूरोसर्जन म्हणाले, एव्हीएम, म्हणजे धमन्या आणि शिरांचा गुंता आहे, फुटलेली नाही, तूर्त हात लावायला नको.

घरच्यांनी त्याचा अर्थ लावला: उपायच उरला नाही.

“गोळी नाही, इंजेक्शन नाही. नुसतं बघत बसायचं म्हणजे काय ओ मॅडम?” बाई विचारत होत्या. रात्री उठून त्या नवऱ्याचा श्वास चालू आहे का पाहायच्या. जिना बंद, ऊन बंद, लेकराला उचलणं बंद. त्यात दिरांनी मोबाइलवर वाचून सांगितलं होतं की पाच वर्षांत शंभरातल्या तिसांना रक्तस्राव होतो.

तो आकडा खोटा नव्हता, फक्त यांचा नव्हता. तो होता मेंदूच्या खोडात असलेल्या आणि आधी एकदा रक्तस्राव झालेल्या कॅव्हर्नोमाचा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांच्या फुगीर झुबक्याचा. कॅव्हर्नोमात रक्त संथ वाहतं. एव्हीएममध्ये धमनी मधल्या केशवाहिन्या वगळून थेट शिरेला मिळते आणि पातळ भिंतीच्या शिरेवर जोराचा दाब येतो. दोन्ही आजार वेगळे, त्यांची वाटचालही वेगळी. ‘मेंदूतल्या गाठी’ अशा एका नावाखाली नातेवाइकांनी जमवलेली माहिती मला सगळ्यात त्रासदायक वाटते.

न फुटलेल्या एव्हीएममध्ये उपचार न करता रक्तस्राव होण्याची शक्यता वर्षाला साधारण 2 टक्के धरतात. एकदा फुटली की ही शक्यता वाढते, पहिल्या वर्षी तर जास्तच, आणि मग डॉक्टरांचा कल उपचाराकडे झुकतो. खोलवरची जागा, फक्त खोल शिरांतून होणारा निचरा, जोडीला धमनीचा फुगा, यांनीही धोका वाढतो.

मग आत्ताच काढून का टाकत नाहीत? कारण काढण्यालाही किंमत आहे. ‘अरुबा’ नावाच्या चाचणीत न फुटलेल्या एव्हीएमचे रुग्ण दोन गटांत विभागले होते. 2013 मध्ये ती मधेच थांबवावी लागली. तोवर सरासरी 33 महिन्यांत, शस्त्रक्रियेसारखा हस्तक्षेप करायचं ठरलेल्या गटात 30.7 टक्के लोकांना पक्षाघात किंवा मृत्यू आला होता. फक्त औषधं देऊन लक्ष ठेवलेल्या गटात 10.1 टक्क्यांना. तीन वर्षांवरून तीस वर्षांचा निकाल कसा लावायचा, हा टीकाकारांचा सवाल मलाही रास्त वाटतो.

गृहस्थांनी नेमकं तेच विचारलं, “माझं आयुष्य तर लांब आहे ना?” मी हिशेब कागदावर मांडला. वर्षाला 2 टक्के हाच दर कायम धरला, तर 30 वर्षांत शंभरातल्या साधारण 45 जणांना कधी ना कधी रक्तस्राव होईल, 55 जणांना होणार नाही. होणारा प्रत्येक रक्तस्राव जीव घेतोच असं नाही, पण अपंगत्व येऊ शकतं. हा आकडा सांगू नये असं काही सहकाऱ्यांचं मत आहे. मला ते पटत नाही, माणूस तो स्वतः काढतोच, आणि एकट्यानं काढला तर जास्त घाबरतो. बाई गप्प झाल्या. गृहस्थ मात्र म्हणाले, “म्हणजे घाईचं नाही, पण विसरायचंही नाही.”

मग बंधनांची यादी घेतली. जिना, ऊन, लेकरू यांवरची बंदी उठली. रक्तदाब तपासायचा, बिडी सोडायची, रक्त पातळ करणारी गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हे राहिलं. अचानक असह्य डोकेदुखी, उलटी, फिट, हातपाय लुळे पडणं किंवा बोलणं अडखळणं यांपैकी काहीही झालं तर वाट न पाहता 108.

पोरांनाही होईल का, ही बाईंची शंका होती. बहुतेक एव्हीएम आनुवंशिक नसतात. पण वारंवार घोळणा फुटणारी माणसं घराण्यात असतील तर आनुवंशिक प्रकाराची शंका येते, म्हणून डॉक्टरांना सांगावं लागतं. यांच्याकडे कुणी नव्हतं.

पुढच्या भेटीत न्यूरोसर्जनना विचारायचं ते गृहस्थांनी वहीत उतरवून घेतलं: गुंता कुठल्या ग्रेडचा, निचरा कुठल्या शिरेतून, फुगा आहे का, पुढची एमआरआय कधी. बाईंनी वही ओढून खाली एक प्रश्न वाढवला, रात्रपाळी चालेल का.