पद्मश्रीसाठी नाव सुचवायचंय? आधी सरांच्या वह्या मागा

प्रश्न असा आहे: आमच्या भागातले एक निवृत्त शिक्षक 22 वर्षं वीटभट्टीवरच्या मुलांना फुकट शिकवतात. पद्मश्रीसाठी त्यांचं नाव माझ्यासारखा साधा माणूस सुचवू शकतो का? ओळख, शिफारस लागते का? काय लिहायचं?

हो, सुचवू शकता. कोणीही कोणाचंही नाव सुचवू शकतं, स्वतःचं नाव स्वतः भरायलाही मनाई नाही. आमदार-खासदारांच्या पत्राची अट नाही, शुल्क नाही. नामांकन फक्त राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, ऑनलाइन भरायचं. सर निवृत्त आहेत हे चांगलंच, कारण सेवेत असलेले सरकारी कर्मचारी पद्म पुरस्काराला पात्र नसतात. अपवाद फक्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा.

फॉर्म भरणं एका संध्याकाळचं काम आहे. अवघड आहे ते त्यातलं निवेदन. जास्तीत जास्त 800 शब्द. त्यावर मी अडीच महिने घालवले, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मी ज्यांचं नाव पाठवलं त्या काकू आमच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रोज सकाळी आठला हजर असतात. पगारावर नाहीत, कुठल्या संस्थेच्याही नाहीत. खेड्यातून एकटा आलेला पेशंट केसपेपरच्या रांगेत गोंधळून उभा असतो, त्याचा हात धरून त्या त्याला योग्य खिडकीपर्यंत नेतात. माझे वडील तिथे होते तेव्हा त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना त्या भरवत होत्या. मला वाटलं, सून असेल.

पहिला मसुदा मी भारावून लिहिला. निःस्वार्थ, सेवाव्रती, गोरगरिबांच्या आधारवड. एका निवृत्त प्राचार्यांना दाखवला. त्यांनी पेन्सिलीने सगळी विशेषणं खोडली आणि कागद परत दिला. जे उरलं त्यावरून काकू नेमकं काय करतात हे कळत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, कारण इतकी वर्षं पाहूनही त्यांच्या कामातलं मोजून सांगता येईल असं मला काहीच माहीत नव्हतं.

मग मी काकूंकडे गेलो. त्यांनी कपाटातून एक कापडी पिशवी काढली, त्यात शंभर पानी अकरा वह्या होत्या. रोज रात्री त्या नोंद करतात. एक नोंद मला पाठ आहे: "खाट 14. एकटे. चष्मा हरवला. सही येत नाही. उद्या एक्स-रे, मी आठला." पुढे वेगळ्या शाईत तारीख आणि "घरी गेले". जे गेले नाहीत, त्यांच्यापुढे ती जागा कोरी ठेवलेली आणि खाली, कोणत्या नातेवाइकाला फोन केला, तो नंबर. दोन रविवार बसून आम्ही नोंदी मोजल्या. साडेतीन हजारांच्या वर भरल्या. त्या कोऱ्या जागा मोजताना आम्ही दोघंही बोललो नाही.

निवेदन त्या वह्यांतून लिहून झालं. कोणत्या वर्षापासून, किती पेशंट, त्यांतले किती पूर्ण एकटे, रात्री किती वेळा थांबल्या, रक्तदात्यांची यादी कशी जमवली. काकूंची एकच अट होती: पेशंटचं नाव कुठेही यायला नको. मी ती पाळली आणि तुम्हीही पाळावी असं मनापासून वाटतं. भट्टीवरच्या मुलांची नावं-फोटो त्यांच्या आईवडिलांना न विचारता कुठेही जोडू नका.

आता हे इतकं का करायचं, तेही सांगतो. दरवर्षी पंतप्रधान पद्म पुरस्कार समिती नेमतात. कॅबिनेट सचिव अध्यक्ष, सोबत गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर. वर्षभरात मिळून पुरस्कार जास्तीत जास्त 120, त्यात मरणोत्तर आणि परदेशी नागरिकांना दिलेले धरत नाहीत. तुमचा तालुका समितीतल्या कोणी पाहिलेला नसणार. सर त्यांना त्या 800 शब्दांत जेवढे दिसतील तेवढेच. आणि नियमांत स्पष्ट आहे की केवळ दीर्घ सेवा पुरस्काराला पुरेशी नाही, त्या कामात समाजाच्या सेवेचा भाग हवा आणि ते नुसत्या उत्कृष्टतेच्या वरचं हवं. म्हणजे '22 वर्षं' हा आकडा एकटा उपयोगाचा नाही. त्या 22 वर्षांत काय बदललं ते लिहा.

हरेकळ हजब्बांना 2020 सालची पद्मश्री मिळाली. त्यांचं काम एका वाक्यात सांगता येतं: मंगळुरूत संत्री विकून त्या पैशांतून गावात शाळा उभी केली. आपल्या राहीबाई पोपेरे, त्याच वर्षीच्या, गावरान बियाणं जपलं. सरांचं असं एक वाक्य तुम्हाला सापडेपर्यंत फॉर्म उघडू नका. किती मुलं शाळेत दाखल झाली, दहावीपर्यंत किती पोचली, ऊसतोडीला किंवा दुसऱ्या भट्टीवर गेलेल्या मुलांचं शिक्षण सरांनी कसं चालू ठेवलं. हजेरीची वही, जुनी पाठ्यपुस्तकं, दाखला मिळवण्यासाठी केलेले अर्ज, काहीतरी नक्की असेल. मागा. अशी माणसं आपणहून दाखवत नाहीत.

सरांना सांगून करा. गुपचूप भरून आश्चर्याचा धक्का देण्याची कल्पना मला पटत नाही. काकू आधी नको म्हणाल्या होत्या, "वॉर्डातल्या मुलींचं लिही, त्या जास्त राबतात" म्हणाल्या. पण वह्या मोजताना त्यांच्याच आवाजात काहीतरी सैल झालं. इतक्या वर्षांत कोणीतरी पहिल्यांदा बसून त्यांना सगळं विचारत होतं. यात पैसे मिळत नाहीत, रेल्वे-विमानाची सवलत नाही, नावापुढे 'पद्मश्री' लावायलाही परवानगी नाही. सनद आणि पदक, बस. हे ऐकल्यावरच त्या तयार झाल्या.

त्या वर्षी 25 जानेवारीच्या यादीत काकूंचं नाव नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा भरलं, निवेदन आणखी नेमकं करून. तेव्हाही नव्हतं. यंदा पुन्हा भरणार आहे. सरांचं वय झालं असेल तर तुम्हीही थांबू नका, पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर देत नाहीत.

मुदत दरवर्षी पाहून घ्या, ती सरकते. 2025 च्या पुरस्कारांसाठी 1 मे ते 15 सप्टेंबर 2024 होती, त्याच्या पुढच्या वर्षी 15 मार्चलाच नामांकनं सुरू झाली. तुमच्या बाबतीत एक गोष्ट मात्र पोर्टलच्या तारखेपेक्षा निकडीची आहे. पावसाच्या आधी भट्ट्या बंद होतात आणि कुटुंबं आपापल्या गावी निघून जातात. ज्या आयाबापांना सरांबद्दल विचारायचं आहे, त्यांना मे महिना संपायच्या आत भट्टीवर जाऊन भेटा.