वडिलांच्या वेळचा गॅरार्ड टर्नटेबल आणि अँप्लिफायर आहे. आवाज फाटतो, दुकानदार म्हणतो अँप्लिफायर गेला. दुरुस्त करावा की विकून नवा सूटकेस प्लेअर घ्यावा? सोलापुरात कोणी दुरुस्त करतं का?

विकू नका. सूटकेस प्लेअर तर फुकट मिळाला तरी घरात आणू नका. स्पीकर आणि सुई एकाच हलक्या डब्यात, स्पीकर थरथरला की सुईही थरथरते. वर त्यातली स्वस्त सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या थरथरीचा सिग्नल करणारा भाग) रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम भार टाकते. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजचं दीड-दोन ग्रॅममध्ये भागतं.

'अँप्लिफायर गेला' हे आमच्या घरातही ऐकून झालंय. वडील गेल्यावर त्यांचा गॅरार्ड एसपी-२५ आणि कॉस्मिकचा अँप्लिफायर साखर पेठेतल्या घरी माळ्यावर पडून होता. एका दिवाळीत थोरल्या दाजींनी तो खाली काढून जोडला. भीमसेन जोशींची रेकॉर्ड लावली, तर तान आली की नुसता खरखराट. दाजी तो एका दुकानात घेऊन गेले. तिथं सांगितलं, आउटपुट ट्रान्झिस्टर उडालेत, खर्च करू नका. घरी येऊन दाजी म्हणाले, भंगारात घाला, आता मोबाइलवर सगळं मिळतं. आईसमोर म्हणाले. ते मला अजून सहन होत नाही.

मी अँप्लिफायरची मागची बाजू बघितली. तिथं टर्नटेबलच्या वायरींच्या पिना खोचायला दोन जागा होत्या, एक मॅग्नेटिकची, एक सिरॅमिकची. वडिलांची कार्ट्रिज सिरॅमिक, आणि पिना खोचलेल्या मॅग्नेटिकमध्ये. मॅग्नेटिक कार्ट्रिज जेमतेम पाच मिलिव्होल्ट देते, म्हणून त्या जागेमागे सिग्नल बराच वाढवणारा वेगळा भाग असतो. सिरॅमिक शेदोनशे मिलिव्होल्ट सहज देते. एवढा सिग्नल तिथं घुसला की आवाज फाटणारच. पिना काढून शेजारी खोचल्या आणि आवाज स्वच्छ झाला. एकही ट्रान्झिस्टर बदलला नाही. मागं थोडी घूं राहिली होती. टोनआर्मच्या (सुई धरणाऱ्या हाताच्या) अर्थिंगची बारीक वायर लोंबत होती, ती चॅसिसच्या स्क्रूखाली दाबली, तीही गेली. दाजी तेव्हा काही बोलले नाहीत, पण लग्नकार्यात अजून सांगतात की सेट 'नशिबानं' चालला. नशिबानं नाही चालला.

तेव्हा तुम्हीही आधी पिना बघा. मग आतलं रबरी चाक. मोटरची पुली त्याच्यामार्फतच प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची तबकडी, फिरवते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात माळ्यावर पडलेलं रबर कडक होतं, ग्रीस मेणासारखं थिजतं, मग वेग पडतो आणि टोनआर्म परत येताना अडकतो. जुनं ग्रीस स्पिरिटनं पूर्ण काढा, वरून नवं थापू नका. शेजारी यंत्रमाग असतील तर सुईवर रुईचा पुंजका बसतो, तो मऊ ब्रशनं मागून पुढं ओढून काढायचा, बोटानं नाही.

दुरुस्तीचं म्हणाल तर टीव्हीवाल्याकडे जाऊ नका. मंडपवाल्यांचे अहुजाचे अँप्लिफायर दुरुस्त करणारा गाठा. फक्त गणपतीच्या आणि गड्ड्याच्या जत्रेच्या आधी जाऊ नका, त्याला मान वर करायला वेळ नसतो. तो सेट आधी सिरीजच्या बल्बवर लावतो का, म्हणजे मधे बल्ब जोडून करंट मर्यादित ठेवतो का, ते बघा. थेट मेनवर लावत असेल तर उचलून घरी आणा. बरीच वर्षं बंद असलेल्या सेटमधले कपॅसिटर वाळलेले असू शकतात, म्हणजे तुमचा अँप्लिफायर खरंच बिघडलेलाही असेल. तरी कपॅसिटर बदलता येतात.

आणि मोबाइलवर सगळं मिळत नाही. वडिलांच्या पेटीतल्या काही कन्नड वचनांच्या रेकॉर्ड मला अजून कुठंही सापडलेल्या नाहीत. तुमच्याकडे तसल्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्ड निघाल्या तर एलपीची सुई त्यांवर टेकवू नका. त्यांची खाच रुंद, सुई जवळजवळ चौपट जाड लागते. सिरॅमिक कार्ट्रिजला बहुतेक वेळा सुई उलटवायची छोटी दांडी असते, ती ७८वर करून मगच लावा.