ऑटिझम असलेल्या हॅकरला खटल्यासाठी परदेशात पाठवणं न्याय्य आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. नुकसान ज्या देशाचं झालं, त्यानेच खटला चालवायला नको का? आणि ऑटिझमचं कारण पुढे करून एकाला सूट दिली, तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?

खटला चालायलाच हवा, पण आरोपी राहतो तिथे, असं माझं ठाम मत आहे. मी सिंधुदुर्गात फौजदारी वकिली करते आणि माझ्या भाच्याला ऑटिझम आहे, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू माझ्या रोजच्या ओळखीच्या आहेत.

या बाबतीत गाजलेलं प्रकरण ऑटिझम असलेल्या ब्रिटनच्या गॅरी मॅकिननचं. अमेरिकेने त्याचं प्रत्यार्पण, म्हणजे खटल्यासाठी त्याला आपल्या ताब्यात देणं, मागितलं होतं. फेब्रुवारी २००१ ते मार्च २००२ या काळात लंडनमध्ये घरी बसून तो अमेरिकी सैन्याच्या आणि नासाच्या ९७ संगणकांत शिरला, असा आरोप होता. शिरल्याचं त्याने कबूल केलं. उडत्या तबकड्यांचे पुरावे शोधत होतो म्हणाला. नुकसान केल्याचं मात्र नाकारलं. कित्येक संगणकांना पासवर्डच नव्हता, असंही त्याने सांगितलं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते अमेरिकी सरकारी पक्षाने त्याला देऊ केलेलं ‘सेटलमेंट’, म्हणजे तडजोड. स्वतःहून अमेरिकेत ये, गुन्हा कबूल कर, तर तुरुंगाची तीन-चार वर्षं, त्यातलीही बरीचशी ब्रिटनमध्ये काढता येतील. लढलास तर आठ-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त. हाउस ऑफ लॉर्ड्सने (ब्रिटनचं तेव्हाचं सर्वोच्च न्यायालय) जुलै २००८ मध्ये त्यात गैर काही नाही असं ठरवलं. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत दहातले नऊहून अधिक दोषी कबुलीजबाबानेच दोषी ठरतात, खटला उभाच राहत नाही. म्हणजे माणसाला तिकडे पाठवायचं ते न्यायाधीशांसमोर बाजू मांडायला असं आपण समजतो, पण प्रत्यक्षात त्याला एका बंद खोलीत ‘हो’ की ‘नाही’ एवढंच ठरवायचं असतं.

आणि या मुलांचं ‘हो’ म्हणजे काय, ते मी घरात बघितलंय. चतुर्थीत घर माणसांनी भरलेलं, भजनी मंडळी आलेली, मृदंग आणि टाळ यांनी पडवी दणाणून गेलेली. कुणीतरी भाच्याला दरडावलं, “समयेतला त्याल तूच सांडलंस मां रे?” तो म्हणाला, “हो.” तो तर मघापासून मागच्या खोलीत कानांवर हेडफोन लावून बसलेला, देवाच्या खोलीत गेलाच नव्हता. रात्री मी विचारलं, मग हो कशाला म्हणालास? “आत्या, ते विचारायचं थांबतील म्हणून.” एकोणीस वर्षांचा आहे. संगणकातलं त्याला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. म्हणूनच ‘तो हुशार आहे, त्याला सगळं समजतं’ हे सरकारी वकिलांचं नेहमीचं पालुपद मला पटत नाही. कोड लिहिता येणं वेगळं आणि दबावाखाली स्वतःचं हित ओळखणं वेगळं.

ब्रिटनच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी १६ ऑक्टोबर २०१२ रोजी मॅकिननचं प्रत्यार्पण रोखलं. पाठवलं तर तो जीव देईल ही भीती फार मोठी होती. पण डिसेंबरात तिथल्या सरकारी पक्षाने ब्रिटनमध्येही खटला भरायचा नाही असं ठरवलं. बहुतेक पुरावा आणि साक्षीदार अमेरिकेत होते. इथे तुमचा आक्षेप मला मान्य आहे. दहा वर्षं टांगती तलवार, आणि शेवटी निकालच नाही. ज्यांच्या यंत्रणेत कुणी घुसलं त्यांनाही उत्तर मिळालं नाही आणि आरोपीलाही आपली बाजू सिद्ध करता आली नाही.

अमेरिकी यंत्रणांत घुसल्याचाच आरोप असलेल्या लॉरी लव्हच्या प्रकरणात न्यायालय जास्त नेमकं बोललं. त्यालाही ऑटिझम, जोडीला नैराश्य, आणि तो इंग्लंडमधल्या सफकमध्ये आईवडिलांजवळ राहणारा. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याला पाठवायला नकार दिला, पण त्याला मोकळं सोडा असं म्हटलं नाही. इंग्लंडमध्येच खटला चालवा म्हटलं. हे शक्य झालं कारण मॅकिननच्या प्रकरणानंतर २०१३ मध्ये तिथे कायदा बदलला: गुन्ह्याचा मोठा भाग ब्रिटनमध्येच घडला असेल, तर खटला कुठे चालवणं न्यायाचं ठरेल हे न्यायाधीश तपासू शकतात.

आपल्याकडे काय? भारत-अमेरिका प्रत्यार्पण करार १९९७ चा आहे आणि आरोपी आपला नागरिक आहे, एवढ्या कारणावर नकार देता येत नाही. पण १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यात दोन दारं आहेत. कलम २९ प्रमाणे सोपवणं अन्यायाचं ठरत असेल तर केंद्र सरकार त्याला सोडू शकतं. आणि कलम ३४-अ प्रमाणे, सोपवता येत नसेल तर इथेच खटला भरू शकतं. दोन्ही ठिकाणी शब्द ‘शकतं’ या अर्थाचा आहे, सक्तीचा नाही. ती सक्ती यावी, निदान खटला कुठे चालावा हे मंत्रालयाने नव्हे तर न्यायाधीशाने ठरवावं, असं मला मनापासून वाटतं. मालवणातल्या पोराची चौकशीच दिल्लीत झाली, तरी त्याच्या आईबापांना वकील, मुक्काम, रजा हे सगळं जमवताना नाकी नऊ येतील. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं तर बोलायलाच नको.

बाकीच्यांनी काय घोडं मारलंय, याचं उत्तर राहिलं. दोष आणि शिक्षा यांचं माप सगळ्यांना एकच असावं. पण ज्याला रोजचं ताट बदललं तरी जेवण जात नाही, त्याला परक्या तुरुंगात एकांतात ठेवणं ही शिक्षेच्या आधीच दिलेली शिक्षा आहे, आणि ती दुसऱ्या आरोपीला त्या प्रमाणात होत नाही.

तुमच्या घरात किंवा ओळखीत असं मूल असेल म्हणून एक सांगते. मॅकिननचं निदान २००८ मध्ये झालं, पकडला गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि लोकांनी ‘आत्ताच बरं सुचलं’ म्हणून नाकं मुरडली. आमच्याकडे तपासणीसाठी बरीच घरं कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठतात आणि म्हणूनच ती पुढे ढकलत राहतात. ढकलू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, त्याचं प्रमाणपत्र रीतसर काढून ठेवा. आणि पोलिसांनी कधी बोलावलंच, तर वकील पोचेपर्यंत मुलाला एकट्याला जबाब द्यायला बसवू नका.